बाहेरच्या भिंतीला दिवाळीची घाई नको

गणपतींचं विसर्जन झालं की रंगाच्या दुकानांत गर्दी सुरू होते. दसरा-दिवाळीच्या आत घर आतून-बाहेरून लख्ख व्हावं ही आपल्याकडची जुनी हौस आहे, आणि आतल्या खोल्यांपुरती ती योग्यच आहे. बाहेरच्या भिंतींचं मात्र या मुहूर्ताने फार नुकसान होतं. महाराष्ट्रातून पाऊस माघारी फिरतो तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आणि परतीच्या सरी त्यानंतरही कधी गाठतील याचा नेम नसतो. चार महिने पाणी प्यायलेली वीट आणि तिच्यावरचा गिलावा पंधरा दिवसांच्या उन्हाने सुकत नाहीत. हात लावला तर भिंत कोरडी वाटते, पण आत ओल असते. अशा भिंतीवर रंग चढवला की आतलं पाणी उन्हाने तापून बाहेर यायला बघतं, रंगाला फुगे येतात आणि पुढच्या पावसाआधीच पोपडे सुटू लागतात. दोष मग रंगाच्या कंपनीला नाही तर रंगाऱ्याला दिला जातो.

म्हणून दिवाळीला आतून रंगवा आणि बाहेरचं काम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतच्या काळात ठेवा. पाहुण्यांना बाहेरची भिंत जरा मळकी दिसली तर काही बिघडत नाही. घाईत लावलेला रंग दोन वर्षांत उतरला तर मात्र खर्च दुप्पट होतो.

काम जानेवारीत करायचं असलं तरी तयारी जुलैमध्ये सुरू होते. भिंतीचं दुखणं पावसातच दिसतं. हिवाळ्यात सगळ्या भिंती सारख्या दिसतात. कुठली भिंत पाणी पिते आणि कुठली नाही, हे जोराची सर चालू असतानाच कळतं. छत्री घेऊन घराला एक फेरी मारा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी पुन्हा फेरी मारा. बाकीची भिंत फिकी होत आली तरी जो पट्टा काळपट ओला राहतो, तिथे पाणी नुसतं वरून वाहून जात नाही, आत मुरतंय. आतल्या बाजूनेही बघा: खिडकीच्या कोपऱ्यात, छताला लागून, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर कुठे डाग उमटतात ते टिपून ठेवा. हा कच्चा नकाशा पुढे रंगाच्या कॅटलॉगपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आपल्याकडे मोसमी वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींवर पाऊस तिरपा आणि जोरात आदळतो. कोकणात पूर्वापार या बाजूला पावसाआधी झाप बांधत, ते उगीच नाही. उत्तरेच्या भिंतीला मार कमी असतो, पण ऊनही कमी मिळतं. ती सुकायला वेळ लागतो आणि शेवाळ आधी तिथेच धरतं. म्हणजे एकाच घराच्या चार भिंतींची चार दुखणी असतात. चारही बाजूंना एकच उपाय, एकच रंग आणि तेवढेच हात असा ठेका देणं म्हणूनच चुकीचं आहे.

आधी पाण्याची वाट बंद करा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. बाहेरून येणारा पाऊस चांगला रंग अडवू शकतो. भिंतीच्या पाठीमागून, वरून किंवा खालून येणारं पाणी कुठलाही रंग अडवू शकत नाही, डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ असं कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो. उलट जितका जाड, रबरासारखा ताणणारा थर, तितकं आतलं पाणी कोंडतं आणि तितके मोठे फुगे येतात. गळती असलेल्या भिंतीवर महागडा रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पाणी कुठून येतं? सर्वांत जास्त वेळा गच्चीच्या कठड्यावरून. कठड्याचा माथा सपाट असतो, त्याच्यावर बारीक तडे गेलेले असतात आणि त्यातून पाणी थेट भिंतीच्या पोटात उतरतं. माथ्याला गच्चीच्या बाजूला उतार हवा. तिथले तडे भरून वर जलरोधक लेप द्या, शक्य असेल तर कडाप्पा किंवा शहाबादी फरशी दोन्ही बाजूंना इंचभर बाहेर काढून बसवा. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोनात सिमेंटचा गोलसर वाटा भरलेला असतो. तो सुटला असेल तर त्या रेषेखालची बाहेरची भिंत दर पावसाळ्यात ओली होणारच. गच्चीचं पाणी उतरवणाऱ्या पाइपांच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की गच्चीवर तळं साचतं. हे पाइप भिंतीला चिकटून गेलेले असतील आणि त्यांचा एखादा सांधा उघडा असेल, तर तिथे शेवाळाची उभी हिरवी रेघ दिसते.

खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेपासून दीड-दोन इंच आत, बोटभर रुंदीची खाच असायला हवी. छज्ज्यावरून आलेलं पाणी त्या खाचेपाशी थेंब होऊन खाली पडतं. खाच नसेल तर ते छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या वरच्या चौकटीत शिरतं. जुन्या घरांत ही खाच रंगांच्या थरांखाली बुजलेली असते. ती खरवडून मोकळी केली तरी निम्मं काम होतं. खाच नसलेल्या छज्ज्याला बाहेरच्या कडेखाली ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची बारीक पट्टी चिकटवता येते. खिडकीच्या बाहेरच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे ना, वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेलं भोक भरलं आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

मग खालचं पाणी. जोत्याला लागून फुलझाडांचे वाफे करायची आपल्याला सवय आहे. दिसायला ते छान दिसतात, पण रोज पाणी घातलेली माती भिंतीला टेकलेली असेल, तर ओल विटांमधून वर चढत राहते. माती निदान जोत्याच्या पातळीखाली आणा, वाफा भिंतीपासून दोन फूट दूर सरकवा आणि भिंतीलगत बाहेर उतरता कोबा किंवा फरशी करा. कौलारू घरांना पागोळ्यांचा त्रास वेगळा. वळचणीतून पडणारं पाणी जमिनीवर आदळून गुडघाभर उंचीपर्यंत चिखल उडवतं, आणि तेवढाच पट्टा दर वर्षी खराब होतो. तिथे पन्हळ लावा किंवा पाणी पडतं त्या रेषेत खडी पसरा.

भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा वड वरून खुडून काही होत नाही, तो पुन्हा फुटतो. रोप लहान असतानाच तिथला गिलावा फोडून मूळ काढावं लागतं. मुळं विटांच्या सांध्यात खोल गेली असतील तर हे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्या.

ही सगळी दुरुस्ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकली, तर जानेवारीपर्यंत भिंतीला सुकायला वेळ मिळतो.

भिंत हाताने वाचावी

रंगाऱ्याला बोलावण्याआधी या चाचण्या स्वतः करून बघा. कोरड्या तळहाताने भिंत घासा. हाताला पांढरी किंवा रंगीत भुकटी लागली, तर उन्हाने जुन्या रंगातला चिकटपणा मेलेला आहे आणि त्या भुकटीवर लावलेला नवा रंग भुकटीसकटच सुटेल. चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे कपटे आले तर जुना थर खरवडायलाच हवा. संशयाच्या जागी हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी पट्ट्या लावून चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर भिंत अजून सुकलेली नाही. काम पुढे ढकला.

मग हातोडीचा लाकडी दांडा घेऊन भिंतीवर हलकेच ठोकत चला. घट्ट गिलाव्याचा आवाज भरीव येतो. जिथे तो पोकळ, बद्द येतो, तिथे गिलावा विटेपासून सुटलेला असतो. अशा जागी खडूने गोल करा. तेवढा भाग चौकोनी कापून काढून, वीट साफ आणि ओली करून पुन्हा गिलावा करावा लागतो. बाहेरचा गिलावा दोन हातांत मिळून साधारण २० मिमी जाडीचा असतो. नव्या ठिगळावर सात ते दहा दिवस पाणी मारा आणि त्यानंतरच ते सुकायला सोडा.

भेगांकडे नीट बघायला हवं, कारण भेग भरणं सोपं असतं पण ती का पडली हे कळणं अवघड. केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलावा भराभर सुकल्यामुळे पडलेल्या असतात. विदर्भात ४५ अंशांच्या उन्हात दिवसभर तापून रात्री थंड होणाऱ्या भिंतींवर त्या जास्त दिसतात. बाहेरचा प्रायमर आणि जरा जाड, लवचीक रंग त्या झाकून घेतो. यापेक्षा रुंद भेग थापीच्या टोकाने इंग्रजी व्हीच्या आकारात उघडून, धूळ काढून, बाहेरच्या कामासाठी मिळणाऱ्या लवचीक भरावाने भरतात. वीटकाम आणि काँक्रीटचा खांब जिथे मिळतात तिथली सरळ उभी भेग नुसती भरली तर पुन्हा उघडते, कारण दोन्ही पदार्थ उन्हाने वेगवेगळे फुगतात. तिच्यावर फायबरची जाळी चिकटवून मग लेप द्यावा.

पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी किंवा आरपार गेलेली भेग ही रंगाऱ्याची नाही, अभियंत्याची बाब आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, मधली रुंदी मोजा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. भेग वाढत असेल तर तिचं कारण पायात किंवा जमिनीत आहे. तसंच खांबावर किंवा तुळईवर लांबच्या लांब भेग आणि तिच्यातून उतरलेला तांबूस डाग दिसला, तर आतली सळई गंजते आहे. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाऱ्या वाऱ्यातल्या घरांत हे नेहमीचं आहे. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून, वर पॉलिमरचा मसाला भरणं हा त्यावरचा इलाज आहे. वरून रंग फासला तर दुखणं दिसेनासं होतं आणि आत वाढत राहतं, आणि हे खरोखर धोक्याचं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी सांगितलेली आहे. सोसायटीच्या सभेत रंगाच्या छटेवर चर्चा सुरू होण्याआधी या तपासणीचा अहवाल टेबलावर असू द्या.

धुणं, खरवडणं, सुकवणं

शेवाळ आणि बुरशी नुसती घासून जात नाही. ब्रश फिरवल्याने हिरवा थर निघतो, पण बीज भिंतीच्या छिद्रांत राहतं आणि नव्या रंगाखालून पुन्हा काळे ठिपके येतात. आधी ती मारावी लागते. बाजारात बुरशीनाशक द्रावणं मिळतात. घरगुती उपाय म्हणजे कपड्यांचं पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग. ते भिंतीला लावून पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ताठ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियाचं कुठलंही द्रावण चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. फरशा धुवायचं ॲसिड भिंतीवर वापरायची सूचना कुणी केली तर सरळ नाही म्हणा; त्याने गिलाव्यातलं सिमेंट खाल्लं जातं. धुण्याआधी तुळस आणि भिंतीलगतची झाडं झाका, आणि अंगणात विहीर असेल तर तिच्यावर ताडपत्री ओढायला विसरू नका.

भिंतीला धरणाऱ्या लोण्याचं मात्र उलट. भिंतीवर पांढरे, मिठासारखे फुलोरे आले असतील तर आधी पाणी मारू नका. पाण्याने ते क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि भिंत सुकली की परत बाहेर येतात. कोरड्या ब्रशने झाडून ती भुकटी सुपलीत गोळा करून फेकायची, आठवड्याने पुन्हा झाडायची. क्षार पाण्याबरोबर येतात, त्यामुळे ओल बंद झाली की लोणा हळूहळू थांबतो. तो थांबेपर्यंत तेवढी भिंत रंगाविना राहिली तरी चालेल.

सुटे पोपडे लोखंडी पट्टीने आणि तारेच्या ब्रशने काढा. घट्ट बसलेला रंग मुद्दाम उकरायची गरज नाही, फक्त त्याच्या कडा पॉलिशपेपरने घासून उतरत्या करा. पूर्वी चुना मारलेली भिंत असेल आणि तिच्यावर आता ॲक्रिलिक इमल्शन लावायचं असेल, तर चुना शक्य तितका सगळा खरवडायला हवा. उच्च दाबाच्या पाण्याच्या यंत्राने काम झपाट्याने होतं, पण जुन्या, हलक्या झालेल्या गिलाव्यावर ते जपून वापरा आणि धार कधीही खिडकीच्या सांध्यावर किंवा विजेच्या मीटरकडे रोखू नका. धुतल्यानंतर कडक उन्हाचे निदान तीन-चार दिवस मधे जाऊ द्या.

नव्या बांधकामाचं गणित वेगळं आहे. पाणी मारणं संपल्यावरही नवा गिलावा निदान २८ दिवस, आणि खरं तर दोन-तीन महिने, तसाच ठेवावा. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि ते रंगद्रव्यं जाळतं. नव्या घरावर सहा महिन्यांत रंग ठिकठिकाणी फिका पडतो, त्यामागे बहुधा हेच असतं.

लांबीबद्दल, म्हणजे पुट्टीबद्दल, माझं मत स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंतीला ती जितकी कमी तितकं बरं. आतल्यासारखी गुळगुळीत भिंत बाहेर हवी म्हणून संपूर्ण दर्शनी भागाला लांबी भरली जाते, आणि दोन पावसाळ्यांनंतर तीच पापुद्र्याने सुटते. भोकं-खड्डे भरायला पांढऱ्या सिमेंटची लांबी वापरा. आतल्या कामाची ॲक्रिलिक लांबी बाहेर टिकत नाही. खरखरीत सॅण्डफेस गिलावा हा बाहेरच्या भिंतीचा उत्तम पृष्ठभाग आहे, बारीक दोष त्यात लपतात आणि रंग नीट धरतो. त्यावर फक्त बाहेरच्या कामाचा प्रायमर एक हात लावायचा. पैसे वाचवण्यासाठी प्रायमर गाळून रंगाचा तिसरा हात घेऊ नका. रंग भिंतीला धरून राहतो तो प्रायमरमुळे.

कोणता रंग, किती रंग

गावाकडच्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी घराला आजही चुन्याचाच हात योग्य. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, अल्कधर्मी असल्याने बुरशीला लवकर थारा देत नाही आणि स्वस्त आहे. तो नीट विरवून, फडक्यातून गाळून, थोडा डिंक किंवा सरस घालून पातळ दोन-तीन हात द्यायचे. दर दोन वर्षांनी काम पुन्हा निघतं, पण सिमेंट-प्लास्टिकचे थर देऊन जुन्या भिंतीची ओल आत कोंडण्यापेक्षा हे बरं. कोकणातल्या उघड्या जांभ्याच्या भिंतींना तर रंगवूच नये असं मला वाटतं. दगडांच्या सांध्यांतल्या दर्जा निखळल्या असतील तर त्या भरा. चकचकीत वॉर्निश टाळा, कारण त्याखाली जांभ्यातली ओल अडकते आणि थर पांढरा पडतो. लावायचंच असेल तर दगडात मुरणारं, वर थर न धरणारं जलविरोधी द्रावण लावा.

आपल्याकडे ‘स्नोसेम’ या नावाने सर्रास ओळखला जाणारा सिमेंटचा रंग अजूनही कुंपणाच्या भिंती आणि साध्या घरांसाठी चांगला. तो लावण्याआधी भिंत भिजवावी लागते, कालवलेला रंग तासाभरात संपवावा लागतो आणि लावल्यावर पाणी शिंपडावं लागतं. इमल्शन लावलेल्या भिंतीवर मात्र तो धरत नाही.

बाकी बहुतेक घरांना बाहेरच्या कामाचं ॲक्रिलिक इमल्शन हाच रंग. त्यात स्वस्त, मध्यम आणि महाग अशा पायऱ्या असतात. मधल्या पायरीचा रंग आणि पूर्ण तयारी हे महाग रंग आणि अर्धवट तयारीपेक्षा केव्हाही सरस. पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मार जास्त असेल तर तेवढ्याच भिंतीला तिसरा हात किंवा वरच्या दर्जाचा रंग घ्या.

छटा निवडताना एवढं लक्षात ठेवा की गेरू, काव, पिवळी माती यांच्या जातीच्या छटा लोहाच्या संयुगांपासून येतात आणि उन्हाला टिकतात. भडक जांभळा, गुलाबी, लिंबाचा पिवळा यांची द्रव्यं बहुधा सेंद्रिय असतात आणि दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात लवकर विटतात. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात गडद भिंत घर तापवते, तिथे फिकी छटाच सुखाची. दुकानातला नमुना तळहाताएवढा असतो आणि उन्हात तो वेगळाच दिसतो. एक लिटरचा डबा आणून भिंतीवर तीन-चार फुटांचा चौकोन रंगवा, सकाळ-दुपार-संध्याकाळ बघा आणि मग ठरवा.

हिशेब असा करा. ३० बाय २५ फुटांच्या एकमजली घराचा घेर ११० फूट. जोतं, भिंत आणि कठडा मिळून उंची १५ फूट धरली तर १६५० चौरस फूट होतात. दारं-खिडक्यांचे साधारण १५० वजा केले की राहतात १५००, म्हणजे १५ ब्रास. त्यात कठड्याची आतली बाजू आणि छज्जे मिळवले की सुमारे १८०० चौरस फूट. खरखरीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे ४५ चौरस फुटांच्या आसपास जागा होते, म्हणजे ४० लिटर, २० लिटरच्या दोन बादल्या. गुळगुळीत भिंतीवर रंग आणखी पसरतो. दोन्ही बादल्यांवरचा बॅच क्रमांक एकच बघून घ्या आणि रंग लावण्याआधी दोन्ही एका पिंपात एकत्र ढवळा, म्हणजे छटेत फरक पडणार नाही.

लावताना

रंग वरून खाली. भिंत उन्हात तापलेली नको, कारण तापलेल्या भिंतीवर रंगातलं पाणी उडून जातं आणि रंग नीट बसत नाही. म्हणून सावलीच्या मागे मागे चालायचं: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. हिवाळ्यात चारनंतर थांबा. संध्याकाळी दव पडू लागतं आणि ओल्या रंगावर त्याचे चकचकीत ओघळ उमटतात. सकाळीही भिंतीवरचं दव सुकल्याशिवाय सुरुवात नको. निफाडसारख्या ठिकाणी पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा इमल्शनचा थर नीट जुळत नाही. अशा भागात फेब्रुवारी हा अधिक चांगला महिना.

पाणी किती मिसळायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, आणि ते मापानेच मिसळलं जातंय का हे तुम्ही समोर उभं राहून पाहावं. रंग पसरावा म्हणून जास्त पाणी घालण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने पहिल्या दिवशी काही फरक दिसत नाही, पण दुसऱ्या पावसाळ्यात दिसतो. बोअरचं पाणी खारट असेल तर मिसळायला गोडं पाणी वापरा. खरखरीत भिंतीला पहिला हात ब्रशने, म्हणजे रंग खाचाखोचांत जातो, दुसरा रोलरने. दोन हातांमध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्या. जेवणासाठी थांबायचं तर भिंतीच्या मध्यावर नाही, कोपऱ्यापाशी किंवा पाइपाच्या रेषेत थांबावं, नाहीतर जोड दिसतो.

खिडक्यांच्या ग्रिलवरचा जुना तेलरंग कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा २०१६ चा नियम आहे आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओल्या पॉलिशपेपरने घासा, कपटे गोळा करा, आणि लहान मुलं व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नका.

उंचीवरच्या कामात काटकसर नकोच. परांची भिंतीला पक्की बांधलेली हवी, उभं राहायला एकच फळी नको, आणि रंगाऱ्याच्या कमरेचा पट्टा परांचीला नव्हे, गच्चीवरच्या पक्क्या आधाराला वेगळ्या दोराने बांधलेला हवा. घराला येणारी विजेची तार परांचीजवळून जात असेल तर वीज कंपनीला कळवून काम होईपर्यंत त्याची सोय करून घ्या. हे सगळं ठेकेदाराच्या भरवशावर न सोडता घरमालकाने स्वतः बघावं. माणूस आपल्या घराच्या कामासाठी वर चढलेला असतो.

ठेका देताना धुणं, खरवडणं, भेगा, प्रायमर आणि रंगाचे हात यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. सगळ्याचा मिळून एकच दर असला की काटछाट होते ती तयारीत, कारण ती नंतर दिसत नाही. दारं-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही हेही आधीच ठरवा. उचल थोडी द्या, पुढचे हप्ते टप्प्याटप्प्याने द्या, आणि प्रायमर लागण्याआधी भिंत स्वतः हाताने घासून बघा.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान डब्यात भरून, त्याच्यावर छटेचा क्रमांक, बॅच आणि तारीख लिहून सावलीत ठेवा. पुढे कुठे ओरखडा आला किंवा एखादी दुरुस्ती निघाली तर त्या डागापुरता रंग लावू नका, ठिगळ उठून दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा किंवा खाचेपासून खाचेपर्यंतचा अख्खा पट्टा एकाच दिवशी रंगवा.